स्वयंशासन दिन, भूमिका आणि आपलं वागणं



५ सप्टेंबरला आपल्याकडे बऱ्याच शाळांमध्ये स्वयंशासन दिन असतो. त्या दिवशी मुलं शिक्षक होतात आणि आपण मागच्या बाकावर जाऊन बसतो. मुली आईची साडी नेसून, चार-पाच पिना लावून येतात. मुलगे बाबांचा ढगळ शर्ट खोचून येतात. कुणी मुख्याध्यापक होतं, कुणी शिपाई होऊन घंटा देतं. फोटो छान येतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या जागी परत.

काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी गणिताची बाई झाली होती. हुशार, चुणचुणीत मुलगी. तिने फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहिली, ५०२ वजा ३४७. मग वर्गाकडे वळली, डस्टरने टेबलावर दोनदा ठकठक केलं आणि खिडकीजवळच्या एका मुलाला उभं केलं. तो उभा राहिला. तीन-चार सेकंद गेले असतील. ती म्हणाली, "तुला नाही जमणार, बस खाली. चल, तू सांग."

वर्ग खो-खो हसला, कारण आवाज, हातवारे, 'चल, तू सांग' म्हणताना मान वळवणं, सगळं हुबेहूब माझं होतं. मीही हसले. पण हसता हसता माझं लक्ष त्या मुलाकडे गेलं. तो खाली बसला होता. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही. रोजची गोष्ट असावी तसा बसला. आणि ती रोजचीच होती. फक्त ते वाक्य रोज मी म्हणत होते.

आजचा लेख त्या तीन-चार सेकंदांबद्दल आहे. माणूस वागतो ते स्वतःच्या स्वभावाने, की त्याला मिळालेल्या भूमिकेने? आणि आपण कोणत्या भूमिकेत आहोत हे आपल्याला कळतं का? डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरात 'स्व-संकल्पना' यावर मी पाच मार्कांची टीप लिहिली होती. मार्कही पडले. अर्थ मात्र त्या बाकावर बसून कळला.

एका दिवसात आपण किती जणी असतो?

माझाच दिवस बघा. सकाळी साडेपाचला मी आई आणि सून असते. 'डबा भरला का', 'औषध घेतलं का' या आवाजात. शाळेत पोचले की आवाज चढतो, पाठ ताठ होते. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तोच आवाज खाली येतो, "हो सर, करते सर." निवडणुकीच्या काळात बीएलओची ड्युटी लागली की गळ्यात ओळखपत्र आणि हातात मतदार यादी घेऊन मी मीरा रोडच्या इमारतींत फिरते. तेव्हा वॉचमन रजिस्टर पुढे करतो, लोक दार उघडून नीट बोलतात, आणि खरं सांगते, मीही जरा रुबाबातच बोलते. त्याच इमारतीत मी मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले तर माझी चाल वेगळी असते.

यात ढोंग काही नाही. समाजाने प्रत्येक भूमिकेला एक ठरलेलं वागणं जोडून दिलेलं आहे आणि आपण ते लहानपणापासून बघत शिकतो. त्याचा फायदाही आहे. प्रत्येक प्रसंगी 'आता कसं वागू' असा विचार करत बसावं लागत नाही. नवी नवरी, नवा मास्तर, नवा सोसायटी सेक्रेटरी, सगळे थोड्याच दिवसांत त्या साच्यात बसतात. सेक्रेटरी झाल्यावर माणूस पार्किंगबद्दल वेगळंच बोलायला लागतो, हा अनुभव तर तुम्हा सगळ्यांना असेल!

मुलं हे फार लवकर करतात. भातुकली आणि 'शाळा-शाळा' हा नुसता वेळ घालवायचा खेळ नाही. अमेरिकेतले विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड म्हणत की मूल दुसऱ्याची भूमिका घेऊन खेळतं, त्या दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे बघायला लागतं, आणि यातूनच त्याच्यात 'मी' तयार होतो. बाहुलीला दटावणारी मुलगी आई होऊन स्वतःलाच दटावत असते. घरी मुलं 'शाळा-शाळा' खेळत असतील तर पालकांनी एकदा दाराआडून ऐकावं. वर्गात काय चालतं ते कळेल. आणि आम्ही शिक्षकांनी भातुकली ऐकावी, घरात काय चालतं ते कळेल.

आरसा

आता 'स्वतःची जाणीव' म्हणजे काय ते बघू. साधा प्रयोग आहे, घरी लहान बाळ असेल तर करून बघा. बाळाच्या नकळत त्याच्या नाकावर कुंकवाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर उभं करायचं. एक वर्षाचं बाळ आरशातल्या 'दुसऱ्या बाळा'कडे बघून हसतं, काचेला हात लावतं. दीड-दोन वर्षांचं झालं की त्याचा हात स्वतःच्या नाकाकडे जातो. 'तो मीच' हे त्याला कळलेलं असतं. याच सुमाराला मूल लाजायलाही लागतं. स्वतःची ओळख आणि लाज जवळपास बरोबरच येतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कारण पुढे आरसा काचेचा राहत नाही. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ सालीच लिहून ठेवलं आहे की माणसं हाच आपला आरसा असतो. मी समोरच्याला कसा दिसतो, तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल, आणि त्यावरून मला अभिमान वाटतो की शरम, अशा तीन पायऱ्यांनी माणूस स्वतःबद्दलचं मत बनवतो. बघा, या तिन्हीत समोरचा माणूस आहे. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी तो समोरचा माणूस कोण? घरी आई-बाबा, शाळेत बाई.

आरशाचा आणखी एक प्रयोग वाचला तो सांगते. अमेरिकेत एका सणाला मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात. तिथल्या संशोधकांनी काही घरांत खाऊचं भांडं ठेवलं, 'एकेकच घ्या' असं सांगितलं आणि मोठी माणसं आत निघून गेली. काही वेळा भांड्यामागे आरसा ठेवलेला होता. ज्या मुलांना आधी नाव-पत्ता विचारला होता, त्यांनी आरशात स्वतःला पाहिल्यावर जास्तीचा खाऊ कमी वेळा उचलला. ज्यांना कुणी नाव विचारलंच नव्हतं, सोंगाआड जी अनोळखीच राहिली, त्यांच्यावर आरशाचा तसा परिणाम दिसला नाही. १९७९ सालचा हा प्रयोग. मला यातलं 'नाव विचारणं' फार आवडलं. नुसता आरसा पुरत नाही, कुणीतरी 'तू कोण' हे आपुलकीने विचारलेलं असावं लागतं.

पण नाव विचारणं नेहमी आपुलकीनेच होतं असं नाही. इथे मला सातारा जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते.

मसूरचं स्टेशन

७ नोव्हेंबर आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, कारण १९०० साली त्या दिवशी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिलं गेलं. भाषणांत आपण तिथून थेट राज्यघटनेवर जातो. मधली एक गोष्ट राहून जाते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ती स्वतः सांगितली आहे.

१९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. वडील नोकरीच्या गावी होते, त्यांनी मुलांना बोलावलं. भाऊ आणि भाच्यासोबत लहानगा भीमराव आगगाडीने मसूरला उतरला. मुलं खुशीत होती. अंगावर नवे शर्ट, डोक्यावर झगमगत्या टोप्या, रेशमी काठाची धोतरं. वडिलांना पत्र वेळेत मिळालं नसल्याने न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर जवळ आले, मुलांची चौकशी केली. कपडे आणि बोलणं बघून त्यांना ती ब्राह्मणाची मुलं वाटली होती. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मुलाने सरळ सांगितलं, महार. स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला आणि ते तिथून निघून गेले.

एक मिनिट थांबून विचार करू. आधीच्या क्षणी आणि नंतरच्या क्षणी मुलं तीच होती. टोप्या त्याच, बोलणं तेच, एकटेपण तेच. बदलली ती समोरच्याच्या मनातली त्यांची जागा. आणि स्टेशनमास्तर काही दुष्ट माणूस होते असंही दिसत नाही. आधी ते मायेनेच विचारपूस करत होते. नंतर त्यांनीच गाडीवाल्यांकडे शब्दही टाकला. पण कोणी गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, अशा अटीवर गाडी मिळाली. रात्री वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. जकात नाक्यावर तर 'मुसलमान आहोत' असं सांगून, उर्दूत बोलून बघितलं, तरी पाणी नाहीच. पाण्यासाठी नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःची ओळख बदलून सांगावी लागली.

त्याआधी शाळेतही तेच होतं. बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणायचं आणि परत घेऊन जायचं. तहान लागली तर नळ स्वतः सोडायचा नाही, शिपाई असेल तर तो सोडणार. बाबासाहेब लिहितात की या गोष्टी त्यांना माहीत होत्या, पण मसूरच्या प्रवासाने धक्का बसला, कारण त्याआधी हे सगळं चालत आलेलं म्हणून गृहीत धरलेलं होतं. माझ्या वर्गातला तो मुलगा आश्चर्य न वाटता खाली बसला, ते मला इथे आठवतं. दोन्ही गोष्टींची तुलना मी करत नाही, होऊच शकत नाही. गृहीत धरणं तेवढं सारखं आहे.

आता हे जुनं झालं असं कुणी म्हणेल. उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. २००६ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मुलांची जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. पण सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. मुलं त्याच प्रकारची, कोडीही तशीच. फक्त 'इथे माझ्याकडे कोण म्हणून बघतात' याची आठवण करून दिली गेली.

हे वाचलं आणि मला जूनमधली आमची धावपळ आठवली. शिष्यवृत्तीचे फॉर्म, उपस्थिती भत्त्याची यादी, प्रवर्गाचा रकाना. घाईत आपण काय करतो? "एससी-एसटीवाल्यांनी हात वर करा." दोन मिनिटांत यादी तयार! योजना चांगलीच आहे, मुलांच्या हक्काची आहे. पण ते हात वर होतात तेव्हा बाकीचा वर्ग बघत असतो. ही माहिती हजेरीपटात आणि प्रवेश अर्जात असते. शांतपणे घरी बसून यादी करता येते. मी आता तशीच करते, एक संध्याकाळ जाते.

मग भूमिकाच सगळं ठरवते का?

आपल्या प्रशिक्षणांत स्टॅनफर्ड विद्यापीठातला तुरुंगाचा प्रयोग हमखास सांगतात. १९७१ साली काही तरुणांना कैदी आणि काहींना पहारेकरी केलं, आणि दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, कारण पहारेकरी क्रूर झाले. 'गणवेश घातला की माणूस बदलतो' असं त्याचं तात्पर्य सांगतात. पण पुढे त्या प्रयोगाची कागदपत्रं आणि ध्वनिफिती तपासल्या गेल्या तेव्हा कळलं की पहारेकऱ्यांना कडक वागायला प्रयोग घेणाऱ्यांकडूनच सांगितलं जात होतं. आणि तरीही सगळे पहारेकरी सारखे वागले नव्हते. म्हणजे नुसत्या गणवेशाने काम होत नाही. त्या भूमिकेत कसं वागायचं हे कुणीतरी शिकवलेलं असतं.

माझ्या 'गणिताच्या बाई'ला कुणी शिकवलं होतं? मीच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रोज पस्तीस मिनिटं.

आणि भूमिका मोडताही येते, नवी घडवताही येते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा बाईने शिक्षिका असणं ही भूमिका त्या समाजाच्या कल्पनेतच नव्हती. सावित्रीबाईंनी शेण-चिखल झेलत ती करून दाखवली. आज आमच्या स्टाफरूममध्ये बायकाच जास्त आहेत आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

माझ्या वर्गात काय झालं

त्या स्वयंशासन दिनानंतर मी एक गोष्ट केली. मोबाईल टेबलाच्या खणात ठेवून गणिताचा एक तास रेकॉर्ड केला आणि घरी भांडी आवरल्यावर ऐकला. ऐकवत नाही हो स्वतःचा आवाज! पण शेवटपर्यंत ऐकला. उत्तरासाठी मी पुन्हा पुन्हा त्याच तीन-चार मुलांची नावं घेत होते. खिडकीजवळच्या रांगेतल्या मुलांची नावं आली ती 'हात खाली घे', 'वही काढ', 'इकडे बघ' अशी. प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते ते मोजलं. हुशार मुलांसाठी थांबत होते. इतरांसाठी जेमतेम दोन सेकंद.

तो मुलगा. त्याची आई भाईंदरला बाजारात मासळी विकते. एका रविवारी मी कोलंबी घ्यायला गेले तर हा तिच्या शेजारी बसलेला. मला बघून आधी उठूनच उभा राहिला, बिचारा. मी म्हटलं, बस रे. एका गिऱ्हाईकाने दीडशेचे दोन वाटे आणि सव्वाशेचा एक घेतला, पाचशेची नोट दिली. याने बोटही न मोडता पंचाहत्तर रुपये काढून दिले. तीच ती वजाबाकी! २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला आहे. त्यातही हेच दिसतं की बाजारात बिनचूक हिशेब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडखळतात. याचं मोठं कारण आपल्या शिकवण्याची पद्धत आहे, हे मान्यच करायला हवं. पण माझ्या वर्गात मला आणखी एक दिसलं. सोमवारी मी त्याला तेच गणित वाट्यांच्या भाषेत विचारलं. उत्तर द्यायच्या आधी त्याने वर्गाकडे एक नजर फिरवली. बाजारात तो गिऱ्हाईकाच्या नोटेकडे बघत होता, इथे आपल्याकडे कोण बघतंय ते बघत होता.

स्वतःची जाणीव दोन प्रकारची असते, ती अशी. एक म्हणजे 'मी आत्ता काय करतोय' ही. तिने माणूस सुधारतो. दुसरी 'मी कसा दिसतोय' ही. ती वाढली की हात-पाय गळतात. आपण मोठी माणसं मुलांची दुसरी जाणीव फार वाढवून ठेवतो. पालकसभेत मूल शेजारी उभं असताना "मॅडम, हा पहिल्यापासून जरा मठ्ठच आहे, मोठी मात्र हुशार" असं आई सांगते आणि मूल जमिनीकडे बघत राहतं. घरात भूमिका वाटून झालेल्या असतात. मोठी समजूतदार, धाकटा हट्टी, मधली कामसू. पालकहो, मोठीला हट्ट करायची मुभा कधी मिळते, विचार करा.

आम्ही शिक्षकही मागे नाही. वर्णनात्मक नोंदींच्या वहीत 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात आपण लिहितो, 'लाजाळू आहे', 'आळशी आहे', 'चंचल आहे'. ही नोंद झाली की शिक्का झाला? पुढच्या वर्षीच्या बाई आधी वही वाचतात, मग मूल बघतात. मी आता तिथे काय घडतं तेवढंच लिहायचा प्रयत्न करते. 'गटात असताना बोलतो, एकट्याने उभं केल्यास थांबतो' असं. जागा कमी पडते, पण चालतं. मॉनिटरही दर आठवड्याला हजेरीपटाच्या क्रमाने बदलतो. पहिल्या दोन महिन्यांत वर्गात फार गोंधळ झाला, हेही सांगते. आणि प्रश्न विचारल्यावर मी मनात पाच अंक मोजते. कधी विसरते.

तो मुलगा लगेच हुशार झाला वगैरे असं काही घडलं नाही. वर्ष संपेपर्यंत तो गटात गणितं सोडवायला लागला, एकट्याने फळ्यावर यायला शेवटपर्यंत तयार नव्हता.

स्वयंशासन दिनाच्या भूमिका मात्र मी आता चिठ्ठ्या टाकून देते. त्याआधी मुख्याध्यापक कोण आणि शिपाई कोण हे आम्हीच ठरवायचो. नीटनेटकं, घडाघडा बोलणारं मूल मुख्याध्यापक, आणि मागच्या बाकावरचं शिपाई. इतकी वर्षं ठरवत होतो आणि कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं. पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या त्या वर्षी वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला शिपायाची चिठ्ठी आली. रात्री नऊ वाजता त्याच्या आईचा फोन आला. "मॅडम, तुम्ही त्याला शिपाई केलंत. काही चुकलं का हो त्याचं?" मी चिठ्ठीचं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, पण पटलं नसावं.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने दिवसभर घंटा दिली. मधल्या सुट्टीची तर दोन मिनिटं आधीच.